खाऱ्या हवेतल्या विज्ञानकथा : वाचलेल्या, हरवलेल्या, सांगायच्या राहून गेलेल्या

सुरंगी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने वर चढलं. आमच्या दापोली तालुक्यातली किनाऱ्याची गावं त्या एका दिवसात ओळखू येईनाशी झाली. पोफळी आडव्या, माड मधेच मोडलेले, पडवीवर एक कौल नाही. माळ्यावर बाबांची पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात पाणी शिरलं. ट्रंकेत त्यांनी चाळीस वर्षं जमवलेले दिवाळी अंक आणि मासिकं: 'हंस', 'नवल', 'मोहिनी', शिवाय बरीचशी मुखपृष्ठं गेलेली, नाव न कळणारी. वीज यायला आठवडे लागले. तोवर छप्पर आणि भात सांभाळायचं की कागद? ट्रंक उघडली तेव्हा पानं एकमेकांना अशी धरून बसली होती की सोडवायला जावं तर एका पानाची अक्षरं दुसऱ्यावर जायची.

बाबा शाळामास्तर होते. काचबिंदूने आता त्यांना वाचता येत नाही, रोज संध्याकाळी मी वाचून दाखवते. ट्रंकेतल्या विज्ञानकथा त्यांच्या जिवाभावाच्या. नारळीकर, फोंडके, निरंजन घाटे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत आणि त्यांची पुस्तकं आजही मिळतात. बाबा बोलतात ते त्यांच्या आधीच्या लोकांबद्दल. १९०० च्या सुमारास कोचीनहून कृष्णाजी नारायण आठल्ये 'केरळ कोकिळ' हे मराठी मासिक चालवत आणि त्यात ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीतून क्रमशः येत होती, हे मी बाबांकडूनच ऐकलं. केरळातल्या बंदराच्या गावात बसलेला एक मराठी माणूस आपल्या वाचकांना चंद्रावर नेतो आहे, हे चित्रच मला फार आवडतं. मग १९०८ ची नाथमाधवांची 'श्रीनिवासराव', मग १९१५ ची श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य'. आपली मराठी विज्ञानकथा अशी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिची पहिली पन्नास-साठ वर्षं सुट्या अंकांत विखुरलेली. सुटा अंक आमच्या हवेत किती टिकतो ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात वाळवी, बारा महिने खारं वारं.

तर माझी विनंती. तुम्ही वाचलेली, पण ज्याबद्दल कुणी बोलत नाही अशी एखादी विज्ञानकथा किंवा लेखक असेल तर इथे लिहा. मराठी हवी असं नाही, कुठल्याही भाषेतली चालेल. नुसतं नाव देऊ नका, गोष्ट सांगा. मी ती बाबांना वाचून दाखवणार आहे.

तांडेल

सुरंगीताई, वादळाचा विषय काढलात म्हणून पहिली गोष्ट वादळाचीच सांगतो. लेखक आहेत जगदीशचंद्र बोस. हो, वनस्पतींवर प्रयोग करणारे तेच.

१८९६ साली कलकत्त्यात केसाच्या तेलाच्या एका उत्पादकाने कथास्पर्धा ठेवली. तेलाचं नाव कुंतलीन. अट अशी की गोष्टीत तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये. बोसांनी नाव न देता गोष्ट पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. गोष्टीचं नाव 'निरुद्देशेर काहिनी'. पुढे १९२१ साली 'अव्यक्त' या त्यांच्या पुस्तकात ती सुधारून 'पलातक तुफान' म्हणून आली.

कलकत्त्यावर मोठं वादळ येणार असं हवामानखातं जाहीर करतं. लोक जीव मुठीत धरून बसतात आणि वादळ येतच नाही. कुठे गेलं कुणालाच कळत नाही. शास्त्रज्ञांच्या चर्चा, वर्तमानपत्रांत पत्रं, एकमेकांच्या चुका काढणं. मग एक माणूस आपली हकीकत सांगू लागतो. तापातून उठल्यामुळे त्याचे केस गळत होते. डॉक्टरने समुद्रप्रवास सांगितला, मुलीने सामानात तेलाची बाटली घातली. भर समुद्रात वादळाने जहाज गाठलं. तेलाने लाटा निवतात असं कुठेतरी वाचलेलं त्याला आठवलं आणि त्याने बाटली पाण्यात रिकामी केली.

यातला शास्त्राचा भाग खरा आहे. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला की वाऱ्याची पकड सुटते आणि बारीक लाटा मरतात. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने तळ्यात चमचाभर तेल टाकून हे पाहिलं होतं. आमच्या घरी लाकडी होडीला चोपडायला माशाचं तेल ठेवलेलं असायचं. चोपडताना ते बंदरात सांडलं की तेवढा भाग आरशासारखा गुळगुळीत व्हायचा, आम्ही पोरं बघत बसायचो. तेवढ्याने चक्रीवादळ थांबत नाही हे बोसांना पक्कं माहीत होतं. खऱ्या गोष्टीला किती ताणलं म्हणजे कल्पना होते, ते त्यांनी एका बाटलीत दाखवलं. पूर्ण विज्ञानकथा मला तिथेच सापडते. निसर्गच्या वेळी आमच्या तीन होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतानाही फुटल्या. त्या रात्री मला ही बाटली आठवत होती.

उंडी

+१. बोसांची ही कथा माहीतच नव्हती. वाचतेय.

कुडाळकर

सुरंगीताय, धागो वाचून माका लय बरा वाटला.

द. पां. खांबेट्यांचं नाव इथे हवंच. भयकथा आणि गूढकथा त्यांनी पुष्कळ लिहिल्या, म्हणून लोक त्यांना त्याच खणात ठेवतात. पण त्यांची 'माझं नाव रमाकांत वालावलकर' ही विज्ञानकथा आहे आणि मराठी विज्ञानकथेचा इतिहास जाणणारे तिचं नाव आवर्जून घेतात. मी शाळेत असताना मामांच्या घरी वाचली. वालावल आमच्या कुडाळ तालुक्यातलं. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, देवळाला लागून तळं, तळ्याच्या कडेने माड. तोवर विज्ञानकथेत माणसांची नावं जॉन आणि डॉक्टर स्मिथ असतात असंच मला वाटायचं. शीर्षकातच वालावलकर पाहिला आणि वाटलं की हे आपल्याही घरात घडू शकतं. नारायण धारपांचंही तसंच. लोक त्यांना भुताखेतांचे लेखक म्हणतात, पण त्यांची 'नेनचिम' वाचा. एखाद्या लेखकावर एक शिक्का बसला की त्याचं दुसरं काम कपाटात मागे जातं, आणि मग विचारणारा कुणी उरत नाही.

पाणंद

मी रोकेया सखावत हुसेन यांच्याबद्दल लिहिते.

'सुलतानाज ड्रीम', १९०५. मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. रोकेया बंगालच्या, घरची भाषा उर्दू, त्यांनी बंगाली आणि इंग्रजी शिकून घेतली. नवरा सरकारी अधिकारी, फिरतीवर गेलेला. घरी एकट्या असताना त्यांनी ही गोष्ट इंग्रजीत लिहिली. तो परत आल्यावर त्याने उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला की हा तर भयंकर सूड आहे.

गोष्टीतल्या देशात बायका राज्य करतात आणि पुरुष घरात, मर्दान्यात. पण मला सगळ्यांत जास्त आवडलं ते पाण्याचं. तिथल्या स्त्रियांच्या एका विद्यापीठाने नळ्या लावलेला मोठा फुगा आकाशात सोडला आहे. तो ढगांतूनच पाणी ओढून घेतो, म्हणून पूर नाही आणि टंचाईही नाही. दुसऱ्या विद्यापीठाने सूर्याची उष्णता साठवायची यंत्रं केली आहेत, स्वयंपाक त्यावर. चुलीचा धूर नाही. त्यांच्या पुरुषांनी आधी या शोधांना भावुक दुःस्वप्न म्हणून हिणवलं होतं, हेही त्यात आहे.

आता आमच्या गावाचं सांगते. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभ्यातून सगळा झिरपतो आणि वहाळाने खाडीला जातो. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, मे महिन्यात टँकरची वाट. हंडे कोण वाहतं ते सांगायला नको. माझी आई आणि काकू पहाटे चारला विहिरीवर नंबर लावायच्या. सहावीत असताना मीही जायचे. रोकेयांचा फुगा मी पस्तिसाव्या वर्षी वाचला, आणि एकशे पंधरा वर्षांपूर्वी एका बाईला नेमकं हेच सुचलं होतं म्हणून माझे डोळे भरून आले. चूल आणि पाणी. जगाची नवी रचना करायला बसली तेव्हा तिने आधी हे दोन प्रश्न सोडवले. तेव्हाच्या किती पुरुष लेखकांनी भविष्य लिहिताना विहिरीवरची रांग पाहिली असेल?

सुरंगी

पाणंद, हा प्रतिसाद मी काल बाबांना दोनदा वाचून दाखवला. आईने हातातलं काम ठेवून ऐकला. तिने विचारलं, "तो फुगा कुणी केला का मग?" मी सांगितलं की अजून नाही.

कातळ

चर्चा चांगली चालली आहे, पण आपल्या जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या विज्ञानकथेबद्दल कुणीच बोललं नाही. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माणसाच्या कितीतरी पट मोठ्या आकृत्या आहेत, वरून बघितल्याशिवाय कळतच नाहीत. कुणासाठी कोरल्या? परग्रहावरच्यांसाठी, असं म्हणणारे आहेत. परग्रहवासी पृथ्वीवर येऊन गेले असं सांगणाऱ्या डॅनिकेनची पुस्तकं मराठीत आली तेव्हा आमच्या वाचनालयात त्यांच्यासाठी रांग होती. यावर कुणी कादंबरी लिहायला हवी.

जांभा

कातळ, कादंबरी जरूर लिहावी. पण डॅनिकेन या धाग्यात नको, असं मला मनापासून वाटतं आणि त्याचं कारण सांगतो.

विज्ञानकथा लिहिणारा वाचकाला सुरुवातीलाच सांगतो की ही कथा आहे. बोसांच्या तेलाने कुणी फसत नाही. डॅनिकेनची मांडणी मात्र 'हे खरंच घडलं' अशी असते, आणि त्यात ज्यांनी हे कोरलं ती माणसं पुसली जातात. कशेळीचा हत्ती पाहिलात का? साधारण अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, इतर प्राणी. समुद्र आणि सडा दोन्ही जवळून पाहिलेल्या माणसाचंच ते काम. आमच्याच कातळावर आमच्याच कुणा पूर्वजाने उन्हात बसून, दगडाने दगड टोचत केलेलं. ते परग्रहवासीयांच्या नावावर गेलं की मला राग येतो. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली ती इथल्या काही माणसांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले म्हणून.

कातळ

जांभा, तुमचा मुद्दा पटला. डॅनिकेन मागे घेतो. पण कोरणारा वर्षानुवर्षं अशी आकृती कोरतो आहे जी पूर्ण कधी त्याला स्वतःलाच दिसणार नाही, ही कल्पना मात्र सोडवत नाही.

जांभा

ही लिहा. ही खरी कथा आहे.

भरती-ओहोटी

कारेल चापेक हा चेक लेखक 'रोबोट' या शब्दामुळे माहीत असतो. १९२० च्या त्याच्या नाटकात तो शब्द पहिल्यांदा आला आणि सुचवला होता त्याचा भाऊ योसेफ याने. पण चापेकची १९३६ ची कादंबरी, इंग्रजीत 'वॉर विथ द न्यूट्स', आपल्याकडे कुणी वाचलेली मला भेटली नाही. कोकणच्या माणसाने ती वाचलीच पाहिजे. कारण सांगतो.

सुमात्राजवळच्या एका बेटाच्या खाडीत व्हान टोख नावाच्या म्हाताऱ्या कप्तानाला दहा वर्षांच्या मुलाएवढे, दोन पायांवर चालणारे, हुशार पाणसरडे सापडतात. शार्क त्यांना खातात. कप्तान त्यांना सुऱ्या देतो, ते त्याला शिंपल्यातले मोती देतात. इथपर्यंत सगळं गोड. कप्तान मेल्यावर व्यापारी येतात. पाणसरडे मजूर म्हणून विकले जाऊ लागतात. बंधारे बांधा, बंदरं खोदा, समुद्र बुजवून जमीन करा. प्रत्येक देशाला ते हवेत, आपल्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी त्यांच्या हातात शस्त्रं आणि स्फोटकंही दिली जातात. त्यांची संख्या अब्जांवर जाते. पाणसरड्यांना राहायला उथळ किनारा लागतो आणि जगातला उथळ किनारा मोजका. मग एक दिवस समुद्रातून त्यांच्या प्रमुखाचा आवाज रेडिओवर येतो: आम्हाला जागा पुरत नाही, आम्ही तुमचे खंड फोडून किनारे वाढवणार आहोत. फोडायची स्फोटकं माणसांनीच विकलेली. युद्ध चालू असतानाही विकत राहतात, कारण धंदा थांबवायचा तर सगळ्यांनी एकदम थांबवावा लागेल.

माझं बालपण खारबंदिस्तीच्या कडेला गेलं. बांधाच्या आत खाजण, त्यात भात. पौष-माघात गावाने मिळून बांधाची डागडुजी करायची, चिखल आणि दगड वाहायचे, कुणाच्या घरचा माणूस आला नाही तर त्याला विचारणा व्हायची. मग माणसं मुंबईला गेली आणि डागडुजी कुणाचीच राहिली नाही. एका उधाणाला बांध फुटला. खारं पाणी आत आलं ते आजतागायत बाहेर गेलेलं नाही, आता तिथे कांदळ उभं आहे. आमच्या शेताचे बांध ओहोटीला अजून दिसतात. म्हणून चापेकच्या पुस्तकातलं किनारा खचणं मला कल्पनेतलं वाटलं नाही. किनारा जाताना आवाज होत नाही, एवढाच काय तो फरक.

या कादंबरीतला माझा माणूस मात्र कप्तान नाही. पोवोंद्रा नावाचा एक दारवान आहे. फार पूर्वी एका श्रीमंत उद्योगपतीच्या दारात कप्तान आला तेव्हा त्याला आत सोडावं की नाही, हे या पोवोंद्राच्या हातात होतं. त्याने सोडलं. तिथून भांडवल मिळालं आणि सगळं सुरू झालं. म्हातारपणी प्रागमध्ये, समुद्रापासून इतक्या लांब, नदीकाठी मुलाबरोबर मासे धरत बसलेला असताना त्याला पाण्यावर एक काळं डोकं दिसतं. तो घरी येऊन अंथरूण धरतो. म्हणतो, मी त्या दिवशी दार उघडायला नको होतं. सगळं जग बुडत असताना त्याची जबाबदारी स्वतःवर घेणारा हा एकच माणूस, आणि तोही दारवान.

चापेक १९३८ च्या नाताळात वारला. पुढच्या मार्चमध्ये नाझी सैन्य प्रागमध्ये शिरलं.

उंडी

भरती-ओहोटी, बांधाचा परिच्छेद वाचून गलबलले. आमच्याही खाजणाचं तेच झालं.

समुद्र वर चढण्यावरून आठवलं. जपानी लेखक कोबो आबे यांची १९५८-५९ साली क्रमशः आलेली कादंबरी आहे, इंग्रजीत 'इंटर आइस एज फोर'. भविष्य सांगणारं एक यंत्र, ते बनवणारा शास्त्रज्ञ, आणि मागे गुपचूप चाललेली तयारी: समुद्र जमीन गिळणार म्हणून कल्ल्यांनी श्वास घेणारी मुलं जन्माला घालायची. समुद्राची पातळी वाढण्याबद्दल आपण आता कुठे बोलायला लागलो. त्यातला शास्त्रज्ञ भविष्य सांगणारं यंत्र करतो, पण ते भविष्य स्वतः स्वीकारू शकत नाही. मला ते पुस्तक कठीण गेलं, दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा पूर्ण केलं याचं समाधान आहे.

गलबत

भा. रा. भागवतांना फक्त फास्टर फेणेमुळे ओळखणाऱ्यांसाठी: 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. ज्यूल व्हर्न माझ्या पिढीला मराठीत मिळाला तो यांच्यामुळे. मराठी अशी की मूळ फ्रेंच आहे हे विसरायला व्हावं.

'समुद्र सैतान' वाचून मी मांडवीच्या धक्क्यावर उभा राहून नॉटिलस पाणबुडी शोधायचो. तिचा कॅप्टन नेमो कोण हे त्या पुस्तकात कळत नाही, पुढच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये १८७५ साली कळतं. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या लढ्यातला. सगळं गमावून समुद्राखाली गेलेला. आता याच व्हर्नची १८८० ची कादंबरी घ्या, इंग्रजीत 'द स्टीम हाउस'. तिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती आहे, तो चाकांची घरं ओढत उत्तर हिंदुस्थानभर फिरतो. हत्ती फार सुंदर रंगवला आहे. पण तिच्यातला खलनायक आहेत नानासाहेब पेशवे. आपल्या रायगडातल्या, कर्जतजवळच्या वेणगावचे नानासाहेब.

लेखक एक, लढा एक. एका पुस्तकात बंडातला माणूस जगातला सर्वांत थोर दर्यावर्दी होतो, दुसऱ्यात सूडाने पेटलेला. मी बरीच वर्षं यावर विचार केला. नेमो कल्पनेतला होता म्हणून व्हर्नने त्याला मोठं होऊ दिलं असेल. नानासाहेबांबद्दल मात्र त्याच्या हातात इंग्रजांनी लिहिलेलंच होतं. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. 'स्टीम हाउस' आपल्याकडे कमी वाचली जाते, ती त्यातल्या नानासाहेबांमुळे अधिक वाचली जावी असं माझं मत आहे. आपल्याला बाहेरून कसं पाहिलं गेलं ते त्यात दिसतं.

पाणंद

नावांवरून एक. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. अक्षर ओळखू नये म्हणून जयंतराव नारळीकरांनी कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. ही हकीकत बऱ्याच जणांना माहीत असते.

अमेरिकेतली याच काळातली हकीकत कमी माहीत आहे. जेम्स टिप्ट्री ज्युनिअर या लेखकाला कुणी भेटलं नव्हतं, फक्त पत्रं. त्याच्या लेखनात असं काही पुरुषी आहे की ते बाईला जमणारच नाही, असं एका मोठ्या विज्ञानकथालेखकाने १९७५ मध्ये प्रस्तावनेत लिहिलं. दोनेक वर्षांत उघड झालं की टिप्ट्री म्हणजे अॅलिस शेल्डन, साठीतल्या बाई. त्यांची 'द विमेन मेन डोन्ट सी' ही कथा किनाऱ्यावरच घडते. युकातानच्या खारफुटीत विमान पडतं, दोन पुरुष, आई आणि मुलगी. परग्रहावरचे जीव येतात तेव्हा त्या मायलेकी शांतपणे म्हणतात, आम्हाला तुमच्याबरोबर न्या. इथे राहण्यापेक्षा त्यांना ते अनोळखी लोक परवडतात. रोकेयांच्या गोष्टीनंतर ही वाचावी.

मराठीत शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी' आहे. 'खंडाळ्याच्या घाटासाठी' वाचलेले बरेच भेटतात, 'यंत्रायणी'बद्दल मात्र क्वचित कुणी बोलतं.

वाशिष्ठी

उशिरा लिहितोय. आमचं चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे वाचनालय १८६४ चं. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यात पाणी गेलं. आम्ही काही जण नंतर चिखल काढायला गेलो होतो. भिजून फुगलेलं पुस्तक कपाटातून ओढून निघत नाही, कपाटच मोडावं लागतं. सुरंगीताईंची ट्रंक वाचली आणि तो वास परत आला.

मला दोन माणसांबद्दल एकत्र लिहायचं आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पहिले नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे, १८८२ ते १९२८. शिकारीला गेले असताना सिंहगडावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली. 'श्रीनिवासराव' त्यानंतरची, 'वीरधवल' त्यानंतरची, आणि 'सावळ्या तांडेल'सुद्धा. अंथरुणावरचा माणूस गलबतांवरच्या लढाया लिहीत होता.

दुसरे अलेक्सांद्र बेल्यायेव, रशियन, १८८४ ते १९४२. तिशीत मणक्याचा क्षय झाला. पाय गेले. याल्टाच्या समुद्रकाठी कित्येक वर्षं अंथरुणात, त्यातली तीन प्लास्टरमध्ये. १९२५ ची त्यांची 'प्रोफेसर डॉवेलचं डोकं' ही कथा धडापासून वेगळं करून जिवंत ठेवलेल्या डोक्याची आहे. अंथरुणात पडून असताना त्यांना आपण नुसतं डोकं आहोत असं वाटायचं, ते तिच्यात उतरलं. आणि मग १९२८ ची 'उभयचर माणूस'. कॉलेजात असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत तिची सोव्हिएत छापाची इंग्रजी आवृत्ती मला मिळाली.

अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर मोती काढणारे पाणबुडे एका दर्याभुताला घाबरत असतात. ते भूत म्हणजे इख्तियांदर हा तरुण. मरू घातलेल्या या मुलाला लहानपणी एका डॉक्टरने शार्कच्या पिल्लाचे कल्ले बसवून वाचवलेलं. तो पाण्यातही जगतो आणि जमिनीवरही, पण दोन्हीकडे राहत गेलं तरच. मोत्यांच्या गलबताचा मालक त्याला पकडून साखळीला बांधून मोती काढायला लावतो. पुढे तुरुंगात त्याला घाणेरड्या पाण्याच्या पिंपात ठेवतात. तेव्हापासून त्याची फुफ्फुसं निकामी होत जातात. शेवटी त्याला कायमचं समुद्रातच जावं लागतं.

बाल्तासार नावाचा एक म्हातारा पाणबुड्या आहे. हा आपलाच मुलगा अशी त्याची खात्री पटलेली. पुस्तकाच्या शेवटी मुलगा गेलेला आहे, गावाने म्हाताऱ्याला वेडा ठरवलं आहे. समुद्र खवळला की हा म्हातारा किनाऱ्यावर येतो आणि लाटांकडे तोंड करून रात्रंदिवस हाका मारतो: इख्तियांदर! माझ्या मुला!

बेल्यायेव १९४२ च्या जानेवारीत, जर्मन सैन्याने व्यापलेल्या पुश्किन गावात उपासमारीत गेले.

दोन माणसं, पाय गेलेली, आणि दोघांनी समुद्र लिहिला. नाथमाधवांच्या पुस्तकांचं मी सांगू शकतो: आमच्या कपाटातून चिखलात जे गठ्ठे निघाले त्यात ती होती. कणा धरून उचलली तर पानं हातात आली नाहीत.

कुडाळकर

वाशिष्ठी, नाथमाधवांच्या दोन जुन्या आवृत्त्या माझ्या मामांकडे सुस्थितीत आहेत. 'सावळ्या तांडेल' नक्की. मामांशी बोललो, ते द्यायला तयार आहेत. गणपतीला येणारच आहे, येताना चिपळूणला उतरून देतो.

वाशिष्ठी

स्टेशनवर घ्यायला येतो. कोणती गाडी ते खाजगी निरोपात कळवा.

सुरंगी

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून झाले. रोज एक, असे पुरवून. बोसांच्या बाटलीला ते खूप हसले. चापेकचा दारवान ऐकून बराच वेळ गप्प होते.

काल वाशिष्ठींचा वाचला. बाल्तासारच्या हाकांपर्यंत आले आणि बाबा म्हणाले, थांब. २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ त्यांना आठवलं. तेव्हा रत्नागिरीकडच्या होड्या बाहेर होत्या, कितीतरी माणसं परत आली नाहीत. आमच्या बंदरावर एक म्हातारे आजोबा पुढचे कित्येक महिने रोज संध्याकाळी येऊन उभे राहायचे. हाक मारायचे नाहीत, नुसते उभे. बाबा शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसायचे हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तो रशियन माणूस समुद्राजवळ राहिला होता ना?" मी म्हटलं, हो, याल्टाला, अंथरुणात पडून होता.

"खिडकीतून दिसत असणार त्याला," बाबा म्हणाले. "तो म्हाताऱ्याचा भाग पुन्हा वाच. सावकाश वाच."